बावीस डब्यांचा निकाल

माझ्या आयुष्यातलं पहिलं संशोधन मी एसटीत बसून, मांडीवर थर्माकोलचा खोका धरून केलं. खोक्यात बर्फ, बर्फात लाल झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या, आणि डब्यांत काय ते चारचौघांत सांगायची सोय नाही. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या त्या गाड्यांना लोह्याला गर्दी व्हायची, आणि चढणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारायचं, "म्याडम, कुल्फी हाय का?" सुरुवातीला मी "औषधं आहेत" म्हणून वेळ मारून न्यायचे. मग एका आजोबांनी गुडघ्यासाठी एक डबी मागितली. त्या दिवसापासून मी खरं काय ते सांगायला लागले. खरं सांगितलं की शेजारची सीट पार शेवटपर्यंत रिकामी राहायची आणि मी ऐसपैस बसून जायचे.

मी तेव्हा नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होते. घर लातूरचं, वडील शाळेत मास्तर, आणि मी पंचविशीची, स्वतःला फार हुशार समजणारी. प्रबंधाचा विषय होता पोटातले संसर्ग, आतड्यांची सूज आणि आतड्यात मुळातच राहणारे जिवाणू. आई शेजारपाजारी "पोटाच्या विकारांवर संशोधन करते" एवढंच सांगायची. एकदा मला बघायला आलेल्या एका बाईंनी पोह्यांची बशी हातात असताना विचारलं, "म्हणजे नक्की काय तपासता?" मी नक्की काय ते सांगितलं. पोहे तसेच राहिले, ती मंडळी पुन्हा आली नाहीत, आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र फार बरं वाटलं.

विषय माझ्या सरांनी दिला होता. भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती आणि लातूरला क्लासेसचं पीक आलं होतं. जवळच्या मुरुडपासून पार नांदेडपलीकडच्या इस्लापूरपर्यंतची पोरं-पोरी एक पत्र्याची पेटी आणि एक गादी घेऊन यायची, एकेका खोलीत चौघं-पाचजण राहायची, पहाटे उठून एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला पळायची. येताना धडधाकट असायची आणि दिवाळीपर्यंत पोट धरून बसायची. कुणी म्हणे अभ्यासाचं टेन्शन, कुणी म्हणे गावाकडची दृष्ट. सर म्हणायचे, आधी डबी आणा, मग बोला.

आज पेपरच्या पुरवणीतसुद्धा मायक्रोबायोम हा शब्द छापून येतो आणि दह्याच्या जाहिरातीत चांगले जिवाणू हात हलवतात. सरांकडे तेव्हा तो शब्द नव्हता. ते म्हणायचे, आतड्यात एक गाव वसलेलं असतं. गावात कामाची माणसं असतात, दोन-चार उडाणटप्पू असतात, पण सगळं मिळून चाललेलं असतं. एखादा संसर्ग आला, किंवा कुणी मनाने गोळ्या खाल्ल्या, की गाव पडतं. मग मोकळ्या जागेत आधी कोण घुसतं आणि जुनी माणसं परत येतात का, ते आपल्याला बघायचंय. आमच्या भागात हे उदाहरण कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

अभ्यासासाठी मी मुलींचं एक वसतिगृह निवडलं. वसतिगृह म्हणजे एक दुमजली घर, बावीस मुली आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये मेस. मेस चालवायच्या त्यांना सगळ्या मावशी म्हणायच्या, म्हणून मीही मावशी म्हणू लागले. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दंड पैलवानासारखे, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरची झोपलेली मुलगी पहिल्याच हाकेला ताटावर येऊन बसायची. भूकंपात त्यांचं घर गेलं आणि घरातली दोन माणसं गेली. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुनर्वसनात सरकारी घर मिळालं होतं, पण त्या तिथे राहिल्या नाहीत.

"तिथं भिंती चांगल्या हायत ओ," त्या मला म्हणाल्या होत्या, "पर जेवायला कुणी न्हाई. एकट्यापुरती भाकर थापायला हातच उचलंना माझा."

म्हणून त्या लातूरला आल्या, पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली, आणि बावीस पोरींना दोन्ही वेळा जेवू घालू लागल्या. स्लॅबखाली मात्र कधी झोपल्या नाहीत.

त्या वर्षी मुलींची पोटं फारच बिघडली. इस्लापूरहून आलेली एक मुलगी तर इतकी वाळली की ओढणी खांद्यावर राहीना. पालक कुजबुजायला लागले. मुरुडचे एक वडील, मोटारसायकलवरून यायचे आणि खाली न उतरताच बोलायचे, त्यांनी बजावलं होतं, "मेसमदी खोट निघाली तर मेस बदला, न्हाईतर आमी पोरी नेतो." म्हणजे माझ्या तपासणीच्या कागदावर मावशींची चूल चालू राहणार की विझणार हे ठरणार होतं. हे त्यांना माहीत होतं, मुलींना माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण मी शास्त्रज्ञ होते ना, मला असल्या गोष्टींशी काय करायचं होतं!

एका गुरुवारी दुपारी मी डब्या घेऊन पोचले. मावशी शेडच्या उंबऱ्यावर बसून पेरू खात होत्या. मलाही एक दिला. "गुरुवार हाय माजा, सकाळपासून पेरूवरच हाय," म्हणाल्या. मी पेरू खाल्ला आणि मुलींना अंगणात बसवून सूचना दिल्या. आज त्या आठवल्या की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. मी म्हणाले, प्रत्येकीला एक नंबर मिळेल, डबीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. उद्या सकाळी सातच्या आत जमा करायच्या, उशीर चालणार नाही. सोबतच्या फॉर्ममध्ये आज काय खाल्लं ते लिहायचं, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. बारावीच्या पोरी त्या. मागच्या रांगेतून एकीने हात वर केला, "मॅडम, पास व्हायला काय लागतं?" मी हसून म्हणाले, "स्वच्छ पोट." फार मोठा विनोद केल्यासारखं वाटलं मला.

शुक्रवारी सकाळी सातला मी गेले तर मावशींनी स्वतः डब्या आणून दिल्या. एक ते बावीस, ओळीने लावलेल्या, बाहेरून फडक्याने पुसलेल्या. एकही कमी नाही, एकही गळकी नाही. इतर वसतिगृहांत मला निम्म्या डब्या रिकाम्या मिळायच्या, एका पठ्ठ्याने तर चिखल भरून दिला होता. मला त्या शिस्तीचं इतकं कौतुक वाटलं की मी मावशींचे हात हातात घेऊन आभार मानले.

नांदेडला पोचल्यावर मी आणि सर दोन सूक्ष्मदर्शक घेऊन बसलो. पहिल्या काचेवर जिआर्डिया दिसला. हा एक परजीवी असतो, लहान आतड्याला चिकटून राहतो आणि त्याची अंडाकृती कोष्ठं विष्ठेतून बाहेर पडतात. पाण्यातून, न धुतलेल्या हातातून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. दुसऱ्या काचेवरही तोच. तिसऱ्या काचेवरही. दहाव्या डबीपर्यंत सर खुर्चीत ताठ झाले होते. बावीसपैकी बावीस! सरांनी कुणाचं कौतुक केल्याचं विभागात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या दिवशी त्यांनी समोसे मागवले. मी तर मनातल्या मनात परदेशातल्या परिषदेला जाऊन आले, तिथे कुठली साडी नेसायची तेही ठरवलं.

संध्याकाळी सामान आवरताना माझं लक्ष उरलेल्या नमुन्यांकडे गेलं. पाचव्या डबीत पेरूच्या बिया होत्या. पेरूची बी पचत नाही, जशी जाते तशी बाहेर येते, त्यात विशेष काही नव्हतं. सहावीतही होत्या. मग मी एकेक झाकण उघडत गेले. बावीसही डब्यांत पेरूच्या बिया. फॉर्म काढले. बावीस जणींनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पोळी, शेवग्याची आमटी, भात. पेरू एकीनेही खाल्ला नव्हता. पेरू कुणी खाल्ला होता ते मला चांगलं ठाऊक होतं, मीच तर शेजारी बसून खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगितलं. मला वाटलं ते प्रबंध फेकून मारतील. ते असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "कॉपी," ते म्हणाले. "अगं, कॉपी केली पोरींनी! एकीची बघून सगळ्यांनी लिहिलं." मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "तुझ्या यादीत ती मेसवाली बाई होती का?"

"नाही सर. अभ्यास विद्यार्थिनींचा आहे."

"आपण जेवणाऱ्यांची यादी केली, वाढणारीची नाही केली. आपल्याला जे विचारायचं सुचलं नाही ते तिने आपणहून डबीत घालून दिलं. तेही बावीस वेळा."

मी पुढच्या गाडीने लातूरला गेले, रिकामा खोका घेऊन आणि डोक्यात राख घालून. रस्ताभर मी एक भाषण तयार केलं होतं. शास्त्र, प्रामाणिकपणा, विश्वासघात, सगळं त्यात होतं. शेडमध्ये शिरले तेव्हा मावशी कणीक मळत होत्या. चार-पाच मुली भाजी निवडत होत्या.

"मावशी, त्या बावीस डब्या कुणाच्या?"

"माज्या," मावशी म्हणाल्या. कणीक मळणं थांबलं नाही. "पोरींची पोटं बिघडल्याली. त्यांचं दिलं असतं तर समद्या नापास झाल्या असत्या. माजं पोट दगड पचवतंय. आजपतोर एक गोळी खाल्ली न्हाई म्या."

"पण बावीस?"

"एवढाल्याशा तर डब्या व्हत्या. पन्नास दिल्या असत्या तरी भरल्या असत्या."

माझं भाषण तिथेच विरलं. मुली हसू दाबत होत्या आणि मलाही हसू येत होतं. मी ओठ चावून खाली बसले. मग मी त्यांना सांगितलं, की मावशी, तुमचंच पोट नापास झालंय.

त्यांचे हात कणकेतच थांबले. जंतू कसा असतो, तो असूनही काही माणसांना काहीच त्रास कसा होत नाही, पण त्यांच्यापासून दुसऱ्याला कसा होतो, हे मी जमेल तसं समजावलं. मग त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या रांजणाकडे बघत राहिल्या. त्याच रांजणात पेला बुडवून त्या मुलींना पाणी द्यायच्या, बोटं पाण्यात जायची.

"म्या दिलं व्हय ह्यांना?" त्या म्हणाल्या. "माज्या हातानं?"

मी म्हणाले, तसं खात्रीने सांगता येत नाही. टँकरच्या पाण्यातून सगळ्यांनाच एकदम झालं असेल. तुम्हाला मुलींकडूनही झालं असेल. हे सरांनीच मला बजावून पाठवलं होतं आणि ते खरंही होतं. पण मावशींनी त्यातलं काही ऐकलं असं मला वाटलं नाही. त्यांनी कणकेचा गोळा परातीत तसाच सोडला आणि बाहेर अंगणात जाऊन बसल्या. वाळलेल्या त्या इस्लापूरच्या मुलीने निवडायची भाजी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी या बाईकडे प्रयोगशाळेच्या वाटेवरचा एक दरवाजा म्हणून बघत होते.

पुन्हा डब्या वाटल्या. या वेळी तेवीस, आणि या वेळी मी 'जमा करणे', 'नंबर', 'उशीर' यातला एक शब्द तोंडातून काढला नाही. खरे नमुने आले, अर्धवट भरलेले, एक-दोन गळके, कुणाचा वेळेवर, कुणाचा दोन दिवसांनी. ते बघून मला इतका आनंद झाला! निम्म्याहून जास्त मुलींना तोच जंतू होता, इस्लापूरच्या मुलीच्या आतड्यांना चांगलीच सूज होती, आणि कित्येकींच्या पोटातले नेहमीचे जिवाणू मनाने खाल्लेल्या गोळ्यांनी कमी झाले होते. सरांनी गावाचं उदाहरण दिलं होतं ते कागदावर दिसायला लागलं. औषध सोपं होतं, थोड्या दिवसांचं. कडू असतं आणि तोंडाला पत्र्याची चव येते, एवढंच.

मी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, "संशोधनात कुणाचं नाव येत नाही. तुम्ही औषध घ्या, आठ-दहा दिवस चुलीपासून लांब राहा, गावाकडे गेलात असं सांगू. पाणी उकळा, रांजणाला लांब दांड्याचं ओगराळं लावा, साबणाने हात धुवा. कुणाला काही कळणार नाही."

"कुणालाच न्हाई?"

"मी सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

रविवारी पालक आले. दर रविवारी यायचे तसे, डबे, चिवडा, लोणच्याच्या बरण्या घेऊन. मी कागदावरचा निकाल सांगायला उभी राहिले. मुलींना संसर्ग आहे, बरा होतो, पाण्याची काळजी घ्यायची, असं मी गुळगुळीत बोलत होते. मुरुडचे वडील त्या दिवशी चक्क मोटारसायकलवरून उतरले होते. "त्ये समदं झालं म्याडम," ते म्हणाले, "आलं कुठनं त्ये सांगा. मेसमधून का?"

मी काही बोलायच्या आत मावशी शेडमधून बाहेर आल्या.

"माज्या पोटात निगालं," त्या म्हणाल्या. "म्याडम सांगनार न्हाईत, त्यांनी मला तसं वचन दिलंय. म्हून म्या सांगते. मला कायबी तरास न्हाई, पर जंतू हाय. तुमच्या पोरी माज्या हातचं खात्यात. आता तुमी ठरवा."

मी मनातून त्यांच्यावर चिडले होते. एवढं सोपं करून दिलं होतं मी, आणि या बाईने सगळं उधळून लावलं! मुरुडचे वडील त्यांच्या मुलीला म्हणाले, "पेटी आन." ती जागची उठली नाही.

तेवढ्यात इस्लापूरच्या मुलीची आई उठली. ती बाई पहिल्यांदाच आली होती, गाड्या बदलत बदलत पोचली होती, आणि आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यात आजारी तिची मुलगी. आता ही मावशींच्या अंगावर जाणार असं मला वाटलं. ती मावशींकडे न जाता माझ्याकडे आली.

"म्याडम, ह्यो जंतू आमच्या गावात बी राहतो का?"

"राहतो. विहिरीच्या पाण्यात, नाल्याच्या पाण्यात, कुठेही."

"मंग पोरगी दिवाळीला घरी आल्ती. म्याच भरवलं तिला सुट्टीभर. ह्यांनी दिलं का म्या दिलं, तुमी कसं सांगून राहिल्या?"

"ते सांगता येत नाही."

"तर मंग माजं बी तपासा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "द्या एक डबी."

मी खोक्यातून डबी काढून दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली. मग मागून एक आई उठली, मग दुसरी. "आमच्याबी घरी भाकर म्याच करते." "सासूबाईंसाठी एक जास्तीची द्या." पाच मिनिटांत माझ्याभोवती प्रसादाला व्हावी तशी गर्दी झाली आणि डब्या संपायला आल्या. शेवटी मुरुडचे वडील आले. इकडे-तिकडे बघत त्यांनी डबी घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "मेस बदलायचं मंग बगू."

"आपापलं आना बरं का समद्यांनी," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "माज्या भरवशावर राहू नका." अंगण खदखदून हसलं. मुली तर एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

पण आठ-दहा दिवस चूल कोण सांभाळणार, हा प्रश्न होताच. इस्लापूरच्या बाईने कुणाला विचारलं नाही. तिने साबण मागून कोपरापर्यंत हात धुतले, शेडमध्ये गेली आणि परात पुढे ओढली. त्या दुपारी पंगत बसली तेव्हा मावशी सवयीने उभ्याच होत्या, हातात काही नसल्यामुळे पदर नीट करत. एवढ्या वर्षांत त्या कधी पंगतीत बसल्या नव्हत्या. सगळ्यांचं झालं की उभ्या उभ्या खायच्या. मुलींनी सरकून जागा केली. त्या वाळक्या मुलीने त्यांना हाताला धरून खाली बसवलं, तिच्या आईने ताट वाढलं, गरम भाकरी, वरण, वर तेल.

मावशींनी एक घास घेतला. सगळ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि ताटावर वाकून रडायला लागल्या.